तीस खिशांचा फळा

मी तीस खिशांचा कापडी फळा बोलतोय. फळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काळं लाकूड आणि खडूची धूळ येईल. मी पडद्याच्या जाड निळ्या कापडाचा आहे. वरच्या पट्टीत काठी ओवलेली, आणि अंगभर ओळीनं खिसे. सुरुवातीला मला याचा फार तोरा होता. आता तो पार उतरलाय. एक गोष्ट कितीतरी वर्षं माझ्या पोटात राहिली, ती सांगून टाकतो. जेव्हा सांगायला हवी होती तेव्हा मला सांगता आली नाही, हे आधीच कबूल करतो.

माझा जन्म एका दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्यांतला. बाहेरच्या खोलीत सरांचा इंग्रजीचा वर्ग, आतल्या खोलीत काकूंचं शिवणयंत्र. सर म्हणजे घरधनी आणि काकू म्हणजे त्यांची बायको. वर्गाला येणारी माणसं त्यांना याच नावांनी हाक मारत, म्हणून मीही.

सर शाळेतून निवृत्त झाले आणि आठ दिवसांत घरातल्या प्रत्येक कामात नाक खुपसू लागले. डबे कसे लावावेत, दोरा कसा गुंडाळावा, सगळ्यावर त्यांचं मत. नवव्या दिवशी काकू म्हणाल्या, “अहो, तुम्ही शिकवा बघू कुणाला तरी. मला शिकवू नका.” त्यातून संध्याकाळचा वर्ग निघाला. येणारी सगळी नोकरी करणारी मोठी माणसं. कुणाला बढतीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची असे, कुणाला बदलीसाठी.

या मोठ्या माणसांचं घोडं एका जागी हमखास अडायचं. इंग्रजीत एका क्रियापदामागे दुसरं आलं की त्याला काय लावायचं, आधी ‘टू’ की शेवटी ‘आयएनजी’? सर सांगत, “काही क्रियापदं पुढे बघतात. काम अजून व्हायचंय. त्यांना बहुतेक करून ‘टू’ लागतो. काही हातातल्या किंवा होऊन गेलेल्या कामाकडे बघतात, त्यांना ‘आयएनजी’. पण सगळी काही शहाण्यासारखी वागत नाहीत, तेव्हा पाठांतराला पर्याय नाही.” मग हसून म्हणत, “आपल्याकडे नाही का, आपण ‘जाणं टाळतो’ पण ‘जायला कचरतो’. ‘जायला टाळतो’ म्हणून बघा, घरचे हसतील. हे तुम्हाला कुणी शिकवलं? कुणीच नाही. कानानं शिकलात. इंग्रजीचा कान आपल्याला नाही, म्हणून तिथे डोळ्यांनी शिकायचं.”

डोळ्यांनी शिकायचं म्हणून सर रोज लाकडी फळ्यावर तीन रकाने आखून याद्या लिहीत आणि रोज पुसत. खडूनं बाह्या पांढऱ्या व्हायच्या. त्या बाह्या धुऊन काकू कंटाळल्या आणि एका दुपारी गिऱ्हाइकाच्या पडद्यांतून उरलेलं कापड घेऊन बसल्या. अशानं मी झालो.

डावीकडे दहा खिसे, मधे दहा, उजवीकडे दहा. डावीकडच्यांच्या डोक्यावर ‘आयएनजी’ची पांढरी पट्टी, उजवीकडच्यांच्या डोक्यावर ‘टू’ची, आणि मधे दोन्ही चालणाऱ्यांची. खिशांत घालायला पुठ्ठ्याची कार्डं, प्रत्येकावर एक क्रियापद. ‘वॉन्ट’सारखी सोपी मंडळी माझ्याकडे नव्हतीच, ती लोकांच्या तोंडात आधीच बसलेली असतात. माझ्याकडे अवघड गिऱ्हाइकं: डावीकडे ‘अव्हॉइड’, ‘पोस्टपोन’, ‘डिनाय’, उजवीकडे ‘रिफ्यूज’, ‘हेझिटेट’, ‘प्रिटेंड’. काकूंना इंग्रजी अक्षर ओळखता येत नव्हतं. त्यांच्या लेखी त्या नुसत्या तीन रंगवलेल्या पट्ट्या होत्या.

सरांच्या वर्गात पुस्तक नसे. सर्व कार्डं एका पत्र्याच्या डब्यात. एकेकानं उठायचं, न बघता कार्ड काढायचं, त्या क्रियापदाचं वाक्य करायचं आणि कार्ड माझ्या योग्य खिशात घालायचं. अट एकच. वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं हवं. पुस्तकी वाक्य केलं की सर कार्ड परत डब्यात टाकायला लावत. या अटीपायी मी फार काही ऐकलं. रुग्णवाहिका चालवणारा एक ड्रायव्हर होता, आडदांड माणूस. त्याला ‘प्रिटेंड’ आलं. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “मागं पेशंट गेलेला असतो, तरी नातेवाइकांसमोर मी घाईत असल्याचं सोंग करतो.” सर म्हणाले, “व्याकरण बरोबर आहे, बसा,” आणि चष्मा पुसत बसले.

त्याच वर्गात रुग्णालयातली एक परिचारिका येई. सगळे तिला सिस्टर म्हणत. परीक्षा पास झाली तर तिला आईच्या गावातल्या मोठ्या रुग्णालयात जागा मिळणार होती. आई एकटी होती आणि गुडघ्यांनी पार अडून बसली होती. सिस्टरचं ‘अव्हॉइड’चं वाक्य होतं, “मी रविवारी घरी फोन करणं टाळते, कारण आई ‘कधी येतेस’ एवढंच विचारते.”

आत काकूंचं मशीन चाले. पण कुणी वाक्य सांगायला उभं राहिलं की त्या पायडलवरचा पाय उचलत. एक शब्द कळत नसूनही त्या थांबत. मला वाटतं, सरांच्या “शाबास”साठी थांबत असाव्यात. तेवढं त्यांना कळायचं.

मग सरांचं विसरणं सुरू झालं. आधी छत्री, मग किल्ल्या, मग ड्रायव्हरला त्यांनी वर्गातला टायपिस्ट समजून हाक मारली. सगळे हसले, सरही हसले, पण त्यांनी माझी काठी घट्ट धरून ठेवली होती. डॉक्टरांनी “वय झालं की व्हायचंच” म्हणून बोळवण केली. घरी आल्यावर सर माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले. मधल्या रकान्यात ‘रिमेंबर’ आणि ‘फर्गेट’ शेजारी शेजारी असतात. त्यांच्याकडे बघत त्यांनी काकूंना हाक मारली.

“अगं, छत्री-किल्ल्या गेल्या तर जाऊ देत. हे जाता कामा नये.” त्यांनी बोट माझ्याकडे केलं होतं. “ज्या दिवशी मी हे चुकीचं सांगेन ना, त्या दिवसापासून वर्ग बंद. लोक पोटाला चिमटा घेऊन येतात माझ्याकडे.”

“काही चुकत नाही तुमचं,” काकू म्हणाल्या. “उगाच जिवाला घोर लावून घेताय.”

तेव्हापासून पत्र्याचा डबा कपाटात गेला. कार्डं आता कायम माझ्या खिशांत, आपापल्या जागी राहू लागली. लोक खिशातून कार्ड काढत, वाक्य करत आणि परत तिथेच ठेवत. अगोदर सरांच्या डोक्यातलं माझ्या अंगावर येई, आता माझ्या अंगावरचं बघून सर आपलं डोकं ताडून पाहत. मला तेव्हा बढती मिळाल्यासारखं वाटलं होतं. काय मूर्ख होतो मी!

सुट्टीत काकूंनी मला उतरवलं. पट्ट्यांवरची अक्षरं उडत चालली होती. त्या उसवून त्यांनी पाट्या रंगवणाऱ्याकडून तिन्हींवर नवी काळी अक्षरं काढून आणली. सरांनी बजावलं, “कार्डं काढू नकोस हं. परत लावायला बसलो आणि चुकलो तर?” त्यांच्या आवाजात असं काही होतं की काकूंनी एकाही कार्डाला हात लावला नाही. पट्टी वरच्या कडेला मागून टीप मारून पुढे वळवायची असते, त्यामुळे त्यांनी मला खिशांसकट हलकेच पालथा घातला.

पालथ्या कापडावर डावं ते उजवं होतं, हे शिवणाऱ्या बाईला काय सांगायचं? उभा जन्म काकू उलट बाजूनंच शिवत आल्या. पालथं घातलं की आधी डाव्या कडेला खडूची खूण, म्हणजे समोरून हीच उजवी हे ध्यानात राहतं, हा त्यांच्या हाताचा नेम. त्या दिवशी खडू हातात घेतला आणि बाहेरून सरांनी हाक मारली, “अगं, माझा चष्मा कुठाय?” काकू उठल्या. चष्मा सरांच्या कपाळावरच होता. त्यांनी तो नाकावर आणून दिला, पाठीवर हात ठेवला आणि परत येऊन बसल्या. डोळे पुसले. मग पट्टी उचलली, मशीनखाली सरकवली आणि खूण न करताच टीप मारली.

मधली पट्टी मधेच राहिली. बाजूच्या दोघींची अदलाबदल झाली. मला सुईच्या पहिल्या टाक्याला कळलं. पण कापडाला तोंड कुठे असतं?

वर्ग पुन्हा भरला. पहिल्याच दिवशी सिस्टर उठली. तिनं ‘पोस्टपोन’ काढलं आणि सुट्टीपूर्वी शिकवल्यासारखं ‘आयएनजी’ लावून वाक्य केलं. सरांच्या तोंडून “शाबास” निघालंसुद्धा. मग ती कार्ड परत ठेवायला वळली आणि थबकली.

“सर, हे ‘टू’च्या खाली आहे.”

सर माझ्याजवळ आले. खूप वेळ बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, ते वाक्य दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघत होते. जिभेला बरोबर काय ते माहीत होतं, मी जवळून ऐकत होतो! आणि तरी त्यांनी मान खाली घातली.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “फळ्यावर आहे ते बरोबर.”

“पण सर, सुट्टीच्या आधी तुम्हीच—”

“तेव्हाही चुकलं असेल. लिहून घ्या.”

सगळ्यांनी लिहून घेतलं. पंधरा माणसांच्या पेन्सिलींचा आवाज मला आजही सहन होत नाही.

वर्ग सुटल्यावर सर कपाटातल्या जाडजूड व्याकरणाच्या पुस्तकापाशी गेले. हात वर नेला, पुस्तकाच्या पाठीवर ठेवला आणि तसाच खाली घेतला. पुस्तक उघडलं तर उरलीसुरली आशाही जाईल, या भीतीनं. ते आत गेले. मशीन थांबलं.

“अगं, गेलं,” ते म्हणाले. “तेही गेलं. मला सगळं उलटं आठवतंय.”

काकूंनी हातातलं कापड बाजूला ठेवलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “मग फळा कशाला शिवलाय मी? त्याच्यावर बघून सांगायचं. तो थोडाच विसरतोय!”

“बरं झालं तू तो शिवलास,” सर म्हणाले.

एवढं बोलणं ऐकून लाज वाटावी असं एखाद्या वस्तूच्या नशिबी येऊ नये.

सरांनी तेव्हाच वर्ग बंद केला असता. पण परीक्षा दोन महिन्यांवर होती आणि माणसांना वाऱ्यावर सोडवेना. म्हणून ते एका हातानं माझी काठी धरून शिकवत राहिले. स्वतःच्या मनानं एक अक्षर सांगत नव्हते. कुणी काही विचारलं की वळून माझ्याकडे बघत, आणि मी त्यांना खोटं सांगत होतो. रोज, तोंडावर.

निकालानंतर सिस्टर आली. भांडायला आली नव्हती. कागद पुढे करून म्हणाली, “सर, नेमकी तीच वाक्यं विचारली होती. सगळी उलटी आली माझी.” काही गुणांनी तिची जागा हुकली होती आणि ती दुसऱ्या कुणाला गेली होती. आईला काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. सरांनी कागद दोनदा वाचला. फळा चुकला असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही, कारण तो काकूंनी शिवला होता. त्यांना वाटलं, समोर लिहिलेलंसुद्धा आता आपल्याला धड वाचता येत नाही.

ते उभे राहिले आणि आपल्यापेक्षा तीस वर्षांनी लहान मुलीपुढे त्यांनी हात जोडले. “तुमचं वर्ष मी घालवलं. मला माफ करा.”

“सर, असं नका करू हो,” म्हणत सिस्टर रडायला लागली. काकू दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात कुणाचं तरी अर्धं शिवलेलं झबलं होतं.

सरांनी स्वतःच्या हातांनी मला उतरवलं, घडी केली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. त्यानंतर त्या घरात इंग्रजीचा शब्द उमटला नाही. ट्रंकेतून मला फक्त आवाज येत. पहिल्या वर्षी सर संध्याकाळी खुर्च्या मांडत आणि काकू मुकाट्यानं उचलत. दुसऱ्या वर्षी खुर्च्यांचा आवाज थांबला. तिसऱ्या वर्षी सर काकूंना “अगं” म्हणायचे थांबले आणि “अहो बाई” म्हणू लागले. वर्ग चालू राहिला असता तर ते एवढ्या भराभर विझले नसते, असं मला वाटतं. डॉक्टर म्हणाले, हे व्हायचंच होतं. त्यांचं खरं असो.

सिस्टर दुसऱ्या खेपेला पास झाली, पण आईच्या गावची जागा पुन्हा निघाली नाही. ती इथेच राहिली, आणि आठवड्यातून दोनदा सरांना इंजेक्शन द्यायला येऊ लागली. अंगाला राग असा नव्हताच त्या मुलीच्या.

सरांच्या गोळ्या वाढल्या. सकाळच्या कुठल्या आणि संध्याकाळच्या कुठल्या, यात काकूंचा गोंधळ व्हायचा. तेव्हा त्यांना मी आठवलो. आयते तीस खिसे! त्यांनी मला ट्रंकेतून काढून खाटेवर पसरलं. कार्डं अजून आत होती. सिस्टर सुई उकळायला ठेवून वळली, तिनं मला पाहिलं आणि तिथेच उभी राहिली.

“काकू, या पट्ट्या उलट्या लागल्यात.”

“कुठल्या?”

“ही इकडे हवी होती, ही तिकडे. सर पहिल्यांदा सांगायचे तेच बरोबर होतं.”

काकूंनी मला पालथा केला. वरच्या कडेच्या टिपेवरून बोट फिरवलं. डाव्या कोपऱ्याशी वाकून बघितलं. खडूची खूण नव्हती. आपल्या हाताची शिवण त्यांना वाचता येत होती, तिला इंग्रजी लागत नाही. त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, “मी केलं हे. त्यांचं बरोबर होतं गं. त्यांचं सगळं बरोबर होतं, आणि मी त्यांना सांगितलं, फळ्यावर बघा.”

सिस्टरनं त्यांना जवळ घेतलं. ती म्हणाली, “माझी आई बरी आहे काकू. बहिणीकडे राहते. माझं सोडा तुम्ही.” काकूंना तेही ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

सर खिडकीपाशी खुर्चीत होते. काकू मला घेऊन त्यांच्यापुढे खाली बसल्या, माझी घडी त्यांच्या गुडघ्यांवर ठेवली.

“अहो, ऐका ना. तुमचं चुकलं नव्हतं. त्या दिवशी तुम्हाला बरोबर आठवत होतं. पट्ट्या मी उलट्या लावल्या होत्या. चूक माझी होती. तुमची नव्हती.”

सरांनी नीट ऐकून घेतलं. वर्गात कुणी वाक्य सांगत असलं की ऐकत तसं, मान थोडी वाकडी करून. मग अगदी सौजन्यानं म्हणाले, “अहो बाई, रडू नका. हे तुमच्या मिस्टरांना सांगा. त्यांना फार बरं वाटेल.”

काकूंनी पदर तोंडाशी धरला. “सांगते,” म्हणाल्या.

आता मी खाटेशेजारी खिळ्याला लटकतो. कार्डं काढून टाकलीत. डावीकडे सकाळच्या गोळ्या, मधे दुपारच्या, उजवीकडे संध्याकाळच्या. नव्या पट्ट्या काकूंनी मला समोर टांगून, हातानं टाके घालून लावल्या आणि तीन वेळा तपासल्या. काम वाईट नाही. औषधांचा वास येतो, तो अंगवळणी पडलाय. फार जुना झालोय, दोन खिसे फाटलेत, एक दिवस माझंही पोतेरं होईल. त्याआधी तुमच्यापाशी एकच मागणं आहे. तुमचं माणूस घाबरून म्हणालं, “मला हे उलटं आठवतंय,” तर त्याची समजूत घालण्याआधी एकदा खरंच बघा. काय सांगावं, त्याचं बरोबरही असेल.

परवाची गोष्ट. काकू संध्याकाळच्या गोळ्या काढायला माझ्यापाशी आल्या. सर बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. जेवलो की नाही हे ज्यांना आठवत नाही, ते सर म्हणाले, “बाई, तुम्ही ते सांगितलंत का तुमच्या मिस्टरांना?”

काकूंचा हात माझ्या खिशात होता. तो तिथेच राहिला.

“सांगितलं,” त्या म्हणाल्या.

“मग? काय म्हणाले?”

“काही नाही म्हणाले. हसले.”

सर खुर्चीत मागे टेकले. “चला,” ते म्हणाले, “सुटला बिचारा.”